थायरॉइडची गाठ : शोधावी कुणाची?

मुलचेऱ्यात उद्या आरोग्य शिबिर भरले आणि त्यात गळ्याची मोफत सोनोग्राफी ठेवली, तर काय होईल? रांग लागेल. अनेकांच्या थायरॉइड ग्रंथीत बारीक गाठी दिसतील, त्यांतल्या काही कॅन्सरच्या निघतील. मग तालुक्यात कॅन्सर वाढल्याची चर्चा सुरू होईल. प्रत्यक्षात आजार तेवढाच असेल. वाढलेला असेल तो शोध.

दक्षिण कोरियात हेच घडले. १९९९ मध्ये तिथे सरकारी कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. तिच्या जोडीला थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची प्रथा पडली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास होते तिथेच राहिले. सापडत होते ते बहुतांशी बारीक, संथ वाढणारे कॅन्सर. त्यांतले अनेक आयुष्यभर त्रास देत नाहीत. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०१ शवविच्छेदनांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी असे कॅन्सर आढळले होते.

आपल्या देशातही तिरुवनंतपुरममध्ये स्त्रियांमधील निदान झपाट्याने वाढले. बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत मात्र हा कॅन्सर कमीच दिसतो.

'सापडला तर काढून टाकू, बिघडले काय?' असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पूर्ण ग्रंथी काढली की रोजची गोळी जन्माची. काहींचा आवाज बसतो, काहींचे कॅल्शियम घटते. मुलचेऱ्याच्या मजूर बाईला पुढच्या तपासण्यांसाठी गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर गाठायचे, म्हणजे दर वेळी रोजी बुडवायची. ज्या आजाराने तिला कधी त्रासच झाला नसता, त्यासाठी ही किंमत का?

म्हणून लक्षणे नसलेल्यांची सरसकट सोनोग्राफी नको. अमेरिकेतील तज्ज्ञ गटानेही २०१७ मध्ये हाच सल्ला दिला. मात्र याचा अर्थ गाठीकडे दुर्लक्ष करा, असा नाही. गळ्याला गाठ हाताला लागते, ती वाढते आहे, आवाज घोगरा झाला आहे, गिळताना किंवा श्वास घेताना अडते आहे, अशा व्यक्तीची तपासणी लवकर व्हायलाच हवी. आशाताईंनी अशा माणसाला हुडकून दवाखान्यात पाठवावे. शिबिराचा पैसा त्याच्या प्रवासावर आणि तपासणीवर खर्च व्हावा. धडधाकट शंभर गळे तपासण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणारा एक रुग्ण वेळेत पोहोचवणे जास्त मोलाचे.