भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत नको

ज्या घरात बंदूक आहे त्या घरात ती कोठे ठेवली आहे हे सर्वांत आधी कोणास ठाऊक होते, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर एकच आहे. पोरास. आई गुळाची ढेप ज्या शिंक्यात लपविते ते शिंके, बाप विड्यांचे बंडल ज्या वळचणीत खोचतो ती वळचण, आजीच्या गाठोड्यातील पैशांची पुरचुंडी, यांपैकी घरच्या पोरास ठाऊक नाही असे काही उरत नाही. ज्याने गावच्या शाळेत वीस वर्षे मुले शिकविली त्यास हे निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा 'आमची बंदूक आढ्याला टांगलेली आहे, पोरांचा हात पोचत नाही' असे जे शेतकरी बंधू सांगतात, त्यांस आमचा प्रश्न असा की, तुमच्या घरी शिडी नाही काय? थोरल्याच्या खांद्यावर धाकटा चढत नाही काय?

बंदूक ठेवूच नका, असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. सावंतवाडी-दोडामार्गापासून आजरा-चंदगडापर्यंत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस शेतकऱ्याच्या घरी जी बंदूक आहे ती शौकाची नाही. चार महिने राबून पोटरीस आणलेले भात रानडुकरांचा कळप एका रात्रीत लोळवून जातो, हे शहरात बसून कळावयाचे नाही. शिवाय हत्याराचा परवाना आमच्या लोकांस सुखासुखी मिळालेला नाही. १८७८ च्या कायद्याने हिंदी रयतेच्या हातातील हत्यार परवान्यावाचून गुन्हा ठरविले आणि गोऱ्या लोकांस मात्र त्यातून सूट दिली. स्वराज्यात १९५९ चा शस्त्र कायदा झाला, आणि खऱ्या शेतराखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा असे त्या कायद्याच्या १३ व्या कलमात लिहिले गेले. ठासणीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी बंदूक. म्हणजे कायद्याने कुणब्याच्या हाती मुद्दाम जी दिली ती ठासणीची. आणि आमच्या मते घरातील लेकरांस सर्वांत घातकी तीच आहे.

का, ते सांगतो. काडतुसाची बंदूक मधोमध मोडता येते. मोडली की काडतूस आहे की नाही हे डोळ्यांना दिसते, आणि असल्यास बोटाने काढता येते. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू घालावयाची, बोळा ठासावयाचा, छर्रे घालावयाचे, पुन्हा बोळा. एकदा भरली की ती बार काढल्यावाचून रिकामी करणे जिकिरीचे काम. रात्रभर माळ्यावर बसून डुक्कर आलेच नाही, तर पहाटे शेतकरी काय करतो? दारू-छर्ऱ्यांचे पैसे पडलेले असतात. एक बार फुकट कशास घालवा, उद्या पुन्हा जावयाचेच आहे, असे मनाशी म्हणून तो वरची टोपी तेवढी काढून खिशात घालतो आणि भरलेली बंदूक घरी आणून खुंटीला अडकवितो. उद्या पाऊस पडतो, परवा लग्न निघते, आणि बंदूक भरलेली आहे ही गोष्ट तो स्वतःच विसरून जातो. खुंटीवरची ती बंदूक आणि खिशातल्या टोप्या ज्या दिवशी एका पोराच्या हाती पडतात, त्या दिवशी त्या घरात काय होते ते लिहिण्याची आमची इच्छा नाही.

टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज साफ खोटा आहे. नळीत दारू आहे तोवर बंदूक भरलेली. सबब आमचे सांगणे असे की, भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत येताच कामा नये. शेत सोडण्यापूर्वी, उजाडल्यावर, आसपास माणूस-गुरू नाही हे पाहून, मऊ मातीच्या बांधाकडे नळी करून बार काढून टाकावा. खडकाकडे कदापि नाही, छर्रे उलटतात. एका बाराची दारू वाया जाईल ती जाऊ द्यावी.

घरातील बंदूक रिकामी आहे की भरलेली याची शंका असल्यास ती ओळखण्याची जुनी रीत गजाची आहे. बंदूक रिकामी असल्याची पक्की खात्री असेल त्या दिवशी गज नळीत अगदी तळापर्यंत सोडावा व नळीच्या तोंडाशी गजावर कानशीने एक खूण करावी. पुढे केव्हाही गज सोडला आणि ती खूण चार बोटे वर राहिली, तर आत भरण आहे असे समजावे. हे करताना टोपी बसते ती जागा मोकळी आहे हे आधी पाहावे, तोंड नळीसमोर आणू नये, आणि पोरांस अंगणाबाहेर घालवावे. ज्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी आहे त्यांनी दोन्ही नळ्या पाहाव्यात. एक काडतूस काढले आणि दुसरे राहिले, असे घाईत होते.

आता ठेवावयाची कोठे? आमचे उत्तर: कुलुपात. आढे, माळा, गादीखाली, कणगीमागे, ही लपविण्याची ठिकाणे झाली, ठेवण्याची नव्हेत. पोलादी कपाट सर्वांस परवडत नाही हे आम्ही जाणतो. पण आपल्या गावात लोहार आहे, सुतार आहे. जाड पत्र्याची वा शिसवी फळ्यांची लांब पेटी, आतून बोल्टाने भिंतीस किंवा जमिनीस जखडलेली, बाहेर जाड कडी व चांगले कुलूप, एवढे काम कोणताही कसबी कारागीर करून देईल. बंदुकीच्या चापाभोवती जी कडी असते तिच्यातून साखळी ओवून पेटीच्या तळाशी बांधली तर अधिक चांगले. दुनळीचे नळी, दस्ता व पुढचे लाकूड असे तीन भाग सुटे होतात. ते सुटेच ठेवावेत. काडतुसे, दारू, टोप्या या दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलुपाखाली, शक्य तर दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात दारू सादळू नये म्हणून ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवणारेही आहेत. असे करण्यापेक्षा ती सादळलेली बरी. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी, विस्तवापासून लांब ठेवावी, आणि परवान्यात लिहिले आहे त्याहून अधिक घरात असू नये. दोन्ही किल्ल्या परवानेदाराच्या करदोट्याला. देव्हाऱ्यात नाहीत, खुंटीवर नाहीत, घरधनिणीपाशीही नाहीत. हा तिच्यावर अविश्वास नव्हे. जे हत्यार कायद्याने तिच्या नावावर नाही त्याचा भार तिच्या कमरेला का?

'आम्ही पोरांना दम भरला आहे, ती हात लावणार नाहीत' असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. २००१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांस दोन-दोन, तीन-तीन करून एका खोलीत सोडले आणि तेथील फडताळात खरे पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले. ज्या टोळक्यांस ते सापडले त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनी ते हाताळले, आणि जवळजवळ निम्म्या टोळक्यांत कोणी ना कोणी चाप ओढला. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांस बंदुकीविषयी आधी समज दिलेली होती! आमची मुले काही निराळ्या मातीची नाहीत. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल दुसऱ्याच्या छातीवर रोखावे, चाप ओढावा, आणि पुढच्याने हसत मरून दाखवावे, हा खेळ त्यांस आपणच विकत घेऊन देतो. समज जरूर द्यावी. पण कुलुपाचे काम समजेवर सोपवू नये.

खंडेनवमीचे एक सांगितले पाहिजे. त्या दिवशी नांगर, करवत, वाकस यांबरोबर बंदूकही पाटावर येते. हळदकुंकू लागते, शेजारी समई पेटते, आणि सगळी आळीची पोरे भोवती बसतात. एरवी पेटीत असलेले हत्यार वर्षातून एक दिवस सर्वांच्या हाताशी येते ते या दिवशी. हळदकुंकवाने बंदूक रिकामी होत नाही. ज्यांस पूजा करावयाची असेल त्यांनी गजाने पाहून, दारू-टोप्या कुलुपातच ठेवून ती करावी, आणि उठण्यापूर्वी बंदूक पेटीत घालावी.

कायद्याविषयी थोडे. परवाना घराचा नसतो, ज्याचे नाव त्यावर आहे त्या माणसाचा असतो. एकवीस वर्षांच्या आतील मुलाच्या ताब्यात बंदूक देता येत नाही. तेव्हा 'पेटीतली बंदूक घेऊन शेतावर ये' असे शाळकरी मुलास धाडणे हा बापाचा गुन्हा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे बंदूक सुरक्षित वापरीन व ठेवीन असे परवानेदार लिहून देतो, तेव्हा 'मला माहीत नव्हते' ही सबब कामास यावयाची नाही. लग्नात वा मिरवणुकीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. जनावर मारण्यास वनखात्याची परवानगी निराळी लागते. आणि डुकरांसाठी आमिषात गुंडाळून ठेवतात त्या गावठी बॉम्बांस तर घरात ठेवण्याची कायदेशीर अशी जागाच नाही. तो गोळा पोराला चेंडूसारखा दिसतो.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो म्हातारा परवानेदार वारल्यावर. बारावे-तेरावे होते, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढविण्याची धावपळ होते, आणि बंदूक मात्र होती तेथेच राहते. तिची किल्ली कोणापाशी, ती भरलेली की रिकामी, हे सांगणारा निघून गेलेला असतो. मेलेल्या माणसाच्या परवान्यावर मुलाने बंदूक घरात ठेवणे म्हणजे विनापरवाना ठेवणे, आणि त्यास दोन ते पाच वर्षे कैद आहे. अशा वेळी विलंब न लावता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारसाच्या नावे परवाना हवा असल्यास जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज करावा. परवानेदाराचे वय सत्तर झाले असेल किंवा बंदूक त्याजकडे पंचवीस वर्षे असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे करून देण्याची सोय त्याच २०१६ च्या नियमांत आहे. ज्या घरी असे वडील आहेत त्यांनी परवान्याचे पुस्तक काढून तारीख पाहावी, आणि शेतातील कामे उरकताच कचेरीची वाट धरावी.