डिसेंबरच्या यादीत शाळा दिसत नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या भारतीय पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डिसेंबरच्या मध्यावर दरवर्षी एकच विषय असतो. कुठल्या खासगी शाळेतून किती मुलं येलला लागली, किती कोलंबियाला. अर्ली अ‍ॅडमिशनचे, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या पहिल्या फेरीचे निकाल तेव्हाच लागतात. माझी मुलगी पाचवीत आहे. सहावीपासून तिला फक्त मुलींच्या खासगी शाळेत घालावं का, यावर घरात चर्चा सुरू आहे. यंदा ग्रुपवर कुणीतरी त्या शाळेची आणि जवळच्या मुलांच्या शाळेची यादी शेजारी शेजारी टाकली. मुलांच्या शाळेतून नऊ जण नामवंत कॉलेजांत, मुलींच्या शाळेतून पाच. लगेच सल्लाही आला, की मुलींच्या शाळेवर पैसे घालवू नका.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आकडा कुठून आला हे पाहिल्याशिवाय त्यावर काही उभारायचं नाही, ही नोकरीत लागलेली सवय. म्हणून ही यादी मी जरा उलगडून पाहिली.

पहिली गोष्ट, यादीत दोन वेगळे प्रकार एकत्र केले होते. अर्ली डिसिजनमध्ये विद्यार्थी एकाच कॉलेजला अर्ज करतो आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं लिहून देतो. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये असं बंधन नसतं. बंधनाचा अर्ज कोण करू शकतं? ज्याला फीचा आकडा आधी विचारावा लागत नाही तो. अनेक नामवंत खासगी कॉलेजांत वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. मदत अपुरी पडली तर या बंधनातून सुटता येतं, पण चार कॉलेजांनी देऊ केलेली मदत समोर ठेवून तुलना करता येत नाही. ज्यांना ती तुलना करावीच लागते, ते मार्चपर्यंत थांबतात आणि डिसेंबरच्या यादीत दिसत नाहीत.

ही शंका माझ्या एकट्याची नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये ही फेरी बंद करण्याचं जाहीर केलं, कारण तिचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्यांना होतो. २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा आणली. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास सांगतो, की परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात आयव्ही लीग आणि त्या तोडीच्या कॉलेजांत पोहोचतात.

दुसरी गोष्ट, मुलींची शाळा आणि मुलांची शाळा यांची सरळ तुलनाच होत नाही. ब्राउनसारख्या विद्यापीठात मुलींचे अर्ज मुलांपेक्षा बरेच जास्त येतात, त्यामुळे प्रवेशाचा दर मुलींसाठी कमी असतो. म्हणजे तिथे तेवढ्याच तयारीच्या मुलीला जास्त गर्दीतून जावं लागतं. त्यात खेळाडूंच्या जागा आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं हे हिशेब वेगळेच. साठ-सत्तर जणांच्या वर्गात दोन-चार मुलांनी फरक पडतो, आणि पुढच्या वर्षी तो उलटाही होऊ शकतो.

मग मुलींची शाळा चांगली की एकत्र? कोल्हापूरहून अम्मी फोनवर म्हणतात, "बेटा, मुलींचीच शाळा बरी, माझ्या जिवाला घोर नको." आपल्या अनेक घरांत हा प्रश्न अब्रूचा आणि काळजीचा होतो. इथे तो निकालाचा होतो. पुरावा दोघांनाही फारशी साथ देत नाही. २०१४ मध्ये २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र तपासले गेले, सुमारे १६ लाख विद्यार्थी त्यात होते. घरची परिस्थिती वगैरे नीट लक्षात घेणाऱ्या अभ्यासांत एकत्र आणि वेगळ्या शाळांमधला फरक नगण्य निघाला. वेगळी शाळा कुणाला मानवते, कुणाला नाही. ते त्या मुलीवर आणि त्या शाळेवर आहे.

त्या शाळेची फी आमच्या घराच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे चूक महाग पडेल. म्हणून आम्ही यादी बाजूला ठेवली आणि शाळेला चार प्रश्न विचारले. किती मुलींना फीत सवलत आहे? त्यांतल्या किती जणींनी पहिल्या फेरीत अर्ज केला? सहावीला आलेल्या किती जणी बारावीपर्यंत टिकल्या? मागच्या पाच वर्षांचे, मार्चसकट, सगळे निकाल दाखवाल का? दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, दोनांची अजून नाहीत. उत्तर टाळलं जाणं हेही मी नोंदवून ठेवलं आहे. पुढच्या महिन्यात मुलगी एक दिवस तिथल्या वर्गात बसून येणार आहे. तिचं मत आमच्या दोघांच्या मतांइतकंच धरायचं, असं आम्ही ठरवलं आहे.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. डिसेंबरची यादी पुढे पाठवण्याआधी तिच्यात कोण नाही ते विचारा. ती यादी शाळेच्या शिकवण्याबद्दल थोडं सांगते आणि घरच्या ऐपतीबद्दल बरंच. पाच मुली आत गेल्या म्हणून शाळा वाईट ठरत नाही, आणि नऊ मुलं गेली म्हणून चांगलीही ठरत नाही.