तंबूतील प्रार्थना

नोव्हेंबरच्या आरंभी गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या आप्तांच्या थडग्यांवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. पहिल्या तारखेस सर्व संतांचा सण, दुसऱ्या तारखेस मृतांचे स्मरण. या दिवसांत मला लिस्बन शहराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आणि लिस्बनबरोबर आमच्याच भागातील एका रात्रीची.

ती रात्र २०२१ च्या जुलै महिन्यातली. म्हादईला पूर येऊन सत्तरी व डिचोली भागांतील पुष्कळ घरे पाण्यात गेली, त्या वेळी आम्ही काही कुटुंबे उंचवट्यावरील एका शाळेत आसऱ्यास गेलो होतो. एका कोपऱ्यात आमच्या शेजारचे ख्रिस्ती कुटुंब होते. म्हातारी आई, मुलगा, सून व दोन नाती. दिवेलागणीस त्यांनी ओल्या कपड्यांनीच गुडघे टेकले आणि तेर्स म्हणावयास प्रारंभ केला. माझ्या शेजारचा एक तरुण हसून म्हणाला, “प्रार्थनेने का कुठे पाणी ओसरते?” पलीकडचे एक वृद्ध गृहस्थ सुस्कारा टाकून उद्गारले, “पापे वाढली, त्याची ही फळे!” दोन्ही बोलणी त्या आईच्या कानी गेली असावीत. तिने मणी ओढणे थांबविले नाही.

माझ्या मते दोघांनीही तिच्यावर अन्यायच केला. तो कसा, हे सांगण्यासाठी मला लिस्बनला जावे लागते.

गोव्यावर ज्या पोर्तुगालची सत्ता होती, त्याची ती राजधानी. १७५५ सालचा १ नोव्हेंबर, शनिवार. सणामुळे सकाळी इगर्जी माणसांनी गच्च भरल्या होत्या, वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनऊच्या सुमारास धरणी हादरली आणि काही मिनिटांत दगडी छपरे भाविकांच्या मस्तकांवर कोसळली. जे वाचले त्यांतील कित्येक मोकळी जागा म्हणून तेजो नदीच्या काठी धावले. सुमारे ४० मिनिटांनी तेथे समुद्राच्या प्रचंड लाटा आल्या. उलथलेल्या मेणबत्त्या व पेटत्या चुली यांनी लावलेली आग पुढे पाच-सहा दिवस धुमसत होती. सर्व संतांच्या नावाने उभारलेले मोठे रुग्णालयही तीत भस्मसात झाले. मृतांचे हिशेब निरनिराळे आहेत. कोणताही घेतला तरी तो हजारांतच मोजावा लागतो.

आता त्या नगरातील एखाद्या सामान्य कुटुंबाची मनाशी कल्पना करा. घर गेले, एखादे मूल गेले. शिडाचे कापड काठ्यांवर ताणून शेतात तंबू केलेला. भूमी अजून मधूनमधून कापते आहे. रोगराई पसरू नये म्हणून सरकारने असंख्य प्रेते नावांत भरून समुद्रात बुडविली, आणि धर्मप्रमुखांनीही त्यास संमती दिली. म्हणजे पुढल्या वर्षी मेणबत्ती लावावयास या आईबापांपाशी थडगेसुद्धा नाही. अशा तंबूत संध्याकाळी जी प्रार्थना झाली असेल, तिच्यात मागणे ते किती असणार? गेलेल्यांची नावे घ्यावयाची, उरलेल्यांची मोजदाद करावयाची, आणि अंधारात एकमेकांचा आवाज ऐकावयाचा. खुद्द राजा जुझे याने दगडी भिंतींची अशी धास्ती घेतली की १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो लाकडी वाड्यातच राहिला. मग सामान्यांनी भयाने देवाला हाक मारली, तर त्यांना कोणत्या तोंडाने हसावे?

आमच्या वृद्ध गृहस्थांचे बोलणे मात्र अधिक घातक. त्यांचा पूर्वज लिस्बनमध्येही होता. गाब्रिएल मालाग्रिदा या जेज्विट धर्मोपदेशकाने १७५६ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. भूकंपाचे कारण नैसर्गिक नसून लोकांची पापे हेच होय, असे त्याने तीत प्रतिपादिले. आणि लोक झोपड्या उभारण्यात गुंतले आहेत, त्यापेक्षा त्यांनी पश्चात्ताप करावा, असे सुचविले. वाचकहो, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला छप्पर बांधू नको म्हणून सांगणे, ही कसली भक्ती? सणाच्या सकाळी प्रार्थनेस आलेली मुले कोणत्या पापाची धनी होती? (या मालाग्रिदाला पुढे १७६१ मध्ये पाखंडी ठरवून ठार मारण्यात आले. ते कृत्य क्रूर होते. चुकीच्या मताला फास हे उत्तर नव्हे.)

याउलट ज्या कार्व्हाल्यू मंत्र्याला पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून जग ओळखू लागले, त्याच्या कारकिर्दीत देशभरच्या धर्मग्रामांना एक प्रश्नावली धाडण्यात आली. धक्का किती वेळ टिकला? एखाद्या दिशेने तो अधिक जाणवला काय? समुद्र आधी चढला की ओसरला? घरे किती पडली, माणसे किती दगावली? उत्तरे लिहिली ती गावोगावच्या पाद्र्यांनी. भूकंपशास्त्राचे अभ्यासक आजही त्या कागदांकडे वळतात. नव्या घरांच्या भिंतींत लाकडाचे पिंजरे बसविण्यात आले, ते भूकंपात तग धरावीत म्हणून. आणि त्याच राजवटीत, १७५६ मध्ये, संत फ्रान्सिस बोर्जिया यांना भूकंपापासून राखणारे पालक संतही मानण्यात आले. ज्या पाद्र्याने सकाळी मृतांसाठी मिस्सा म्हटला, त्यानेच दुपारी समुद्र किती हात चढला हे लिहून काढले असेल. त्याला यात काही विसंगती वाटली असेल, असे मला वाटत नाही. विसंगती आपल्याला दिसते. कारण आपण कोरड्या जागी बसून विचार करतो.

त्या शाळेतही मी तेच पाहिले. तेर्स संपल्यावर म्हातारीने आपल्या पिशवीतील पाव काढून आमच्या सर्वांच्या मुलांना वाटले. त्या हसणाऱ्या तरुणालाही दिले. तिचा मुलगा कोळशाचा तुकडा घेऊन पायऱ्यांशी गेला आणि पाणी जेथवर आले होते तेथे भिंतीवर त्याने रेघ ओढली. रात्रीतून तो तीन वेळा विजेरी घेऊन उठला. तिसऱ्या खेपेस तो तरुणही त्याच्याबरोबर गेला. परत येऊन मुलाने आईच्या कानात सांगितले, की पाणी रेघेखाली चार बोटे उतरले आहे. आई जागीच होती. मणी तिच्या हातात होते.