आधी तासांची हजेरी घ्या

मा. कुलगुरू, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर
आणि
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

यांस,

एकच पत्र आपणा दोघांना लिहितो आहे, त्याबद्दल राग नसावा. हजेरीचा नियम राबवते विद्यापीठ, आणि वर्गावर जाणाऱ्या शिक्षकाची जागा मंजूर करते शासन. विद्यापीठात विचारले की मंत्रालयाकडे बोट दाखवले जाते, आणि मंत्रालयाला विचारावे तर विद्यापीठ स्वायत्त असल्याची आठवण करून दिली जाते. मी कोल्हापुरात राहणारा, कर भरणारा, पदवीच्या वर्गात मुलगी असलेला साधा माणूस आहे. या दोन दरवाजांमध्ये आणखी हेलपाटे घालायची माझी तयारी नाही.

सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या फलकांवर एक यादी लागते. पोरं तिला डिफॉल्टर लिस्ट म्हणतात. ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली, त्यांची ही नावे. मग पालकांना घेऊन या, हमीपत्र द्या, नाहीतर परीक्षेचा अर्ज पुढे जाणार नाही. यंदा त्या यादीत माझ्या मुलीचे नाव होते. महाविद्यालय कोणते हे सांगत नाही, कारण आपल्या अखत्यारीतल्या तीन जिल्ह्यांत ते कुठलेही असू शकते. हमीपत्र मी दिले. देताना एवढेच विचारले, की ज्या विषयात ती कमी पडली त्याचे सत्रभरात तास किती झाले? समोरच्या गृहस्थांनी मस्टर चाळले, मिटले आणि ‘विभागात विचारा’ म्हणाले. विभागात कळले, की त्या विषयाला सर मिळाले तेच गणपती झाल्यावर.

तर पहिला प्रश्न हा, की ७५ टक्के कशाचे? वेळापत्रकात छापलेल्या तासांचे, की खरोखर झालेल्या तासांचे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषाप्रमाणे वर्षाला १८० दिवस अध्यापन व्हायला हवे, म्हणजे सत्राला नव्वद. आपण जाणताच, की पहिल्या वर्षाचे प्रवेश ऑगस्टपर्यंत रेंगाळतात. मग गणपती, युवा महोत्सव, मागच्या सत्राच्या परीक्षा, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, आणि निवडणूक आलीच तर तिची ड्युटी. यातून उरलेले दिवस कोणी मोजले आहेत का? विद्यार्थ्याचा चुकलेला एकेक तास टिपायला यंत्रणा आहे. न झालेला तास टिपायला वहीचे एक पान का नाही? ‘तास ऑफ’ हा शब्द कॉलेजातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. विद्यापीठाच्या अहवालात तो मला कधी दिसला नाही.

मंत्रिमहोदय, आता आपल्याकडे वळतो. २०१७ मध्ये शासनाने प्राध्यापक भरतीवर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी मिळाली. करोना आला आणि तीही भरती अर्ध्यावर थांबली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यातल्याच उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा मंजुरी देण्यात आली. जी जागा एकदा देऊ केली होती तीच परत देऊ केली, आणि दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत ठळक बातमी झाली. उरलेल्या ६० टक्क्यांचा विषय कोणी काढलाच नाही. हे सारे आपल्या आधीचे, मान्य. पण ऑगस्ट २०२२ पासून हे खाते आपल्याकडे आहे. मध्ये निवडणूक झाली, सरकार नव्याने शपथ घेऊन बसले, खाते आपल्याकडेच राहिले. त्यानंतरच्या भरतीच्या घोषणा माझ्यापेक्षा आपल्याला जास्त आठवत असतील. आपण मूळचे भुदरगड तालुक्यातले. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या कॉलेजात न सांगता जाऊन पाहावे, की एका विभागात कायमचे प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती.

या तासिका तत्त्वावरच्या माणसांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे पत्र खोटे ठरेल. सेट-नेट झालेली, कित्येकदा पीएचडी केलेली ही मंडळी. दरवर्षी नवी मुलाखत, नवी मान्यता, घेतलेल्या तासापुरते मानधन आणि तेही महिनोन्‌महिने थकलेले. सुट्टीत काहीच नाही. नेमणूक उशिरा होते म्हणून तासही उशिरा सुरू होतात, आणि त्या उशिराची भरपाई विद्यार्थ्याकडून हजेरीच्या रूपाने वसूल होते. हातात हजेरीपट देऊन ७५ टक्क्यांचा पहारेकरी याच माणसाला केले जाते. पुढच्या जूनमध्ये तो स्वतः त्या वर्गात हजर असेल की नाही, हे कोणाच्या हातात आहे? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांनाही ७५ टक्के हजेरी बंधनकारक केली आहे. बाकीच्या विद्याशाखांत शिकवणाऱ्याची गैरहजेरी हा भरतीचा प्रश्न, आणि शिकणाऱ्याची मात्र शिस्तीचा, असे का?

सक्तीची हजेरी या गावाला नवी नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला. हा दाखला व्यासपीठांवर नेहमी ऐकू येतो, पण तो अर्धाच असतो. दंड बापाला होता, पोराच्या वाटेत अडसर नव्हता. आणि त्याच राजाने १९०१ पासून या शहरात एकामागून एक बोर्डिंगे उभी केली होती, कारण खेड्यातल्या पोराने शिकायला यायचे तर त्याच्या राहण्या-जेवण्याचे काय, हा प्रश्न त्याला हुकूम काढण्याच्या कितीतरी आधी पडला होता. आपल्या व्यवस्थेत हुकूम पहिला आला आहे. सोय कधी यायची?

सोयीचेच बघू. गगनबावडा कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. सकाळच्या कॉलेजातला पहिला तास साडेसातच्या सुमारास. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडची पोरं त्या तासाला पोहोचायची कशी, याचे गणित कोणी मांडले आहे का? एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, त्याबद्दल शासनाचे आभार, पण सवलतीच्या पासाने न आलेली गाडी येत नाही. आणि पहिल्या सत्राचे ऐन दिवस पावसाचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, मांडुकलीला रस्त्यावर पाणी येते, रेडेडोह फुटला की पन्हाळ्याकडची वाट बंद. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोडून द्या, हे साध्या पावसाळ्यातले सांगतो आहे. रस्ता प्रशासन बंद करते आणि हजेरीपटावर गैरहजेरी त्या पोराच्या नावे लागते.

कुलगुरू महोदय, हे विद्यापीठ १९६२ साली सुरू झाले आणि पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांचे नाव आजही इथल्या ‘कमवा आणि शिका’च्या विद्यार्थी भवनाला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचा सातारा आपल्याच कार्यक्षेत्रात येतो. घाम गाळून शिकणाऱ्या पोराचा मान राखायचा, हा या भागाचा वारसा आहे असे आपण समारंभांतून सांगता, आणि ते खरेच आहे. मग शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी करून येणारा, इचलकरंजीत मागावर उभा राहणारा, पहाटे दूध घालून कॉलेज गाठणारा पोरगा आपल्या नियमात कुठे बसतो? आवारात काम केले तर योजना, आवाराबाहेर केले तर डिफॉल्टर. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष सरताना येतात, खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. तो काम सोडणार कसा?

दुसरी बाजू मला दिसत नाही असे समजू नये. रंकाळ्यावर दिवस काढणारी पोरं मीही पाहतो. तयारी करून वर्गात आलेल्या प्राध्यापकाला रिकामी बाके बघून काय वाटत असेल, ते कळते. प्रयोगशाळा, रुग्णालय, कार्यशाळा, सर्वेक्षण इथे हजर राहिल्याशिवाय विद्या येत नाही, तिथे सक्ती हवीच. सीपीआर रुग्णालयात रुग्णाजवळ उभा न राहिलेला डॉक्टर मला नको आहे. आणखी एक गोष्ट आहे, जी हजेरीच्या विरोधात बोलणारे शहरी लोक विसरतात. गावाकडच्या कितीतरी मुलींना हजेरीची सक्ती हाच आधार असतो. ‘हजेरी लागते, जावंच लागतंय’ एवढे एक वाक्य घरी सांगता येते म्हणून ती पोरगी एसटीत बसते. सक्ती अजिबात उठवली तर उद्या तिला शेतातल्या भांगलणीला नेले जाईल, किंवा बघायला पाहुणे बोलावले जातील. म्हणून हजेरी घेऊच नका असे मी म्हणणार नाही. घ्या, रोज घ्या. ती कमी पडली की त्या मुलीला बोलावून विचारा, काय अडचण आहे बाई? पण हजेरी कमी म्हणून तिची परीक्षा रोखलीत, तर तिला घरी बसवायला टपलेल्यांच्या हाती आपणच कारण देता. ‘वर्ष वाया गेलं, आता पुरे’ हे वाक्य कोणत्या घरात, कोणत्या आवाजात बोलले जाते, हे आपल्याला माहीत नाही असे मी मानत नाही.

प्रत्येक तासाला बसायलाच हवे का, या प्रश्नाचे उत्तर खुद्द व्यवस्थेने केव्हाच देऊन ठेवले आहे. आपल्याच विद्यापीठाचे दूरशिक्षण केंद्र रोजच्या हजेरीशिवाय पदवी देते, आणि मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोग सांगतो. ‘स्वयम्’वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवायला त्याच आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी मुभा दिली. म्हणजे घरी मोबाइलवर ऐकलेले व्याख्यान चालते, दूरशिक्षणात तर व्याख्यान नसलेलेही चालते. मग वर्गात गैरहजर राहून ग्रंथालयात वाचलेले तेवढे का चालत नाही? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधी शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला केवळ हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून रोखू नये असे सांगितले. त्या खटल्याच्या मुळाशी २०१६ सालची एका विद्यार्थ्याची आत्महत्या होती. तो निकाल विधी शाखेचा आणि दिल्लीचा, हे मला कळते. तसाच प्रसंग इथे घडेपर्यंत आपण थांबणार आहात का?

शिवाय हा नियम पाळला तरी जातो का? प्रॉक्सी कशी लागते, आजारपणाचा दाखला कुठे आणि केवढ्याला मिळतो, सत्राअखेरीस मस्टर कसे ‘पूर्ण’ केले जाते, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना माहीत आहे. ज्याच्याकडे ओळख आहे तो यादीतून सुटतो. ओळख नसलेल्याच्या बापाचा एक रोजगार बुडतो, कारण हमीपत्रावर त्याची सही लागते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत, आणि पहिलीला तर पैसाही लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने दर महिन्याच्या अखेरीस विषयवार ठरलेले तास आणि झालेले तास फलकावर आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावावेत. ज्या विषयाचे तीन चतुर्थांश तास झालेच नाहीत, त्या विषयात एकाही विद्यार्थ्याचे नाव डिफॉल्टर यादीत येऊ नये. पूर, बंद पडलेली एसटी, नोकरी, घरचे आजारपण यांची नोंद हमीपत्राविना व्हावी. प्रात्यक्षिकांची सक्ती ठेवा. व्याख्यानांची हजेरी अंतर्गत गुणांत मोजायची तर मोजा, पण तिच्यासाठी परीक्षेचे दार लावू नका. आणि मंत्रिमहोदय, आपल्या विभागाने शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या मंजूर, भरलेल्या आणि रिकाम्या जागा महाविद्यालयवार जाहीर कराव्यात. ही यादी आपल्या टेबलावर असणारच. ती आम्हाला का दिसत नाही?

पुढच्या सत्राचे परीक्षा अर्ज सुरू होण्याआधी आपणा दोघांपैकी एकाने तरी याचे लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. ते आले नाही, तर झालेल्या तासांचा हिशेब माहितीच्या अधिकारात मी स्वतः मागणार आहे, आणि माझ्यासारख्या प्रत्येक पालकाला तसाच अर्ज करायला सांगणार आहे.

आपला,
एक पालक
कोल्हापूर