फ्लोमीटर आपल्या हातात आहे

दरवर्षी १६ ऑक्टोबरला आपण जागतिक भूलदिन साजरा करतो. १८४६ मध्ये याच तारखेला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले, त्याची ही आठवण. शाखाशाखांतून व्याख्याने होतात, सीपीआरची प्रात्यक्षिके होतात, ज्येष्ठांचे सत्कार होतात. यंदा या कार्यक्रमात एका हिशेबाची भर घालावी, अशी आमची सूचना आहे. रुग्णाला आपण जी बाष्पे देतो, ती पुढे जातात कुठे आणि त्यांतली किती त्याच्या कामी येतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण परीक्षेसाठी पाठ केलेले असते. आयसोफ्लुरेनचा जेमतेम ०.२ टक्के भाग शरीरात विघटित होतो, सेव्होफ्लुरेनचा २ ते ५ टक्के, तर डेसफ्लुरेनचा ०.०२ टक्के. बाकी सगळे जसेच्या तसे बाहेर पडते. स्कॅव्हेंजिंग असेल तर ते पाइपातून छतावर जाते. नसेल तर आधी आपल्या आणि सिस्टरच्या नाकात, मग खिडकीबाहेर. डेसफ्लुरेन वातावरणात सुमारे १४ वर्षे टिकते आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापमानवाढ घडवते. नायट्रस ऑक्साइडची पट २७३ असली तरी तो शंभराहून अधिक वर्षे टिकतो आणि ओझोनचा थरही झिजवतो. त्या मानाने सेव्हो एक-दोन वर्षांत नाहीसा होतो.

जगातील एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के असल्याचा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि वाढत्या उष्म्याची झळ लागलेले रुग्ण शेवटी आपल्याच दारात येतात. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्मा कृती आराखडा केला. आजार वाढवणाऱ्या कारणांत आपल्या व्यवसायाचाही हातभार असावा, हे कोणत्याही डॉक्टरला रुचणारे नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, आपल्या तालुक्याच्या गावी आधी भूलतज्ज्ञ मिळत नाही, तिथे हे पाश्चात्त्यांचे चोचले कशाला? आक्षेपात तथ्य आहे. लॅन्सेटच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये सांगितले की, जगातील ५ अब्ज लोकांना वेळेवर, परवडणारी आणि सुरक्षित शस्त्रक्रिया व भूल मिळत नाही. ही उणीव भरायची तर दरवर्षी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया जादा व्हायला हव्यात. त्यांतल्या पुष्कळ आपल्याच देशात व्हायच्या आहेत. म्हणजे आपल्याला भूल अधिक द्यायची आहे, कमी नाही. म्हणूनच आजच्या सवयी महत्त्वाच्या. काम दुप्पट होईल तेव्हा उधळपट्टीही दुप्पट होईल आणि तिचे बिल रुग्णच भरेल.

ही उधळपट्टी नेमकी कुठे होते? इंडक्शननंतर मास्क बाजूला ठेवून आपण लॅरिंगोस्कोप हातात घेतो, तेव्हा सहा लिटरचा प्रवाह आणि व्हेपोरायझर दोन्ही चालूच असतात. तेवढा वेळ भूल ओटीच्या हवेला दिली जाते. ट्यूब बसते, चार्ट लिहायला घेतो, सर्जन ‘सुरू करू का?’ विचारतात आणि फ्लो सहावरच राहतो. ताशी लागणाऱ्या द्रवाचे सूत्र सोपे आहे : तीन गुणिले फ्रेश गॅस फ्लो गुणिले डायलवरची टक्केवारी. सेव्हो २ टक्के आणि फ्लो ६ लिटर असेल तर ताशी ३६ मिली. फ्लो १ लिटर केला तर ६ मिली. २५० मिलीची बाटली पहिल्या रीतीने सात तासांत संपते, दुसऱ्या रीतीने चाळीस तास पुरते. सुरुवातीची काही मिनिटे जास्त फ्लो लागतोच आणि कमी फ्लोला डायलही थोडा वर ठेवावा लागतो, म्हणून प्रत्यक्ष बचत याहून कमी असते. तरी ती ओटीच्या मासिक बिलात सहज दिसते. ट्यूब टाकताना व्हेपोरायझर न हलवता फक्त फ्लो बंद करावा, एवढ्याने सुरुवात होते.

कमी फ्लोची भीती मात्र अनाठायी म्हणून झटकून टाकू नये. ऑक्सिजन अॅनालायझर, कॅप्नोग्राफ आणि एजंट मॉनिटर नसताना हा प्रयोग कोणी करू नये. रुग्ण हायपॉक्सिक झाला तर वाचलेल्या सेव्होला काय करायचे? बेन सर्किटला तर जास्त फ्लो लागतोच, ते त्याचे तंत्रच आहे. अशा ठिकाणी पहिला खर्च सोडा लाइमचा कॅनिस्टर असलेले सर्कल सर्किट आणि मॉनिटर यांवर व्हावा, हे रुग्णालयाच्या चालकांना आपणच पटवले पाहिजे. ‘कंपाउंड ए’च्या शंकेचे बळ आता ओसरले आहे. तीव्र अल्कली टाळून केलेल्या नव्या शोषकांत ते फारसे तयार होत नाही आणि माणसांत त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याचे दिसलेले नाही.

नायट्रसचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे गळती आपल्या डोळ्यांआड होते. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा परिसरातील रुग्णालयांनी खरेदी आणि प्रत्यक्ष वापर यांचा ताळा घातला, तेव्हा पाइपलाइनमधला बहुतेक नायट्रस रुग्णापर्यंत पोहोचतच नव्हता. उपाय साधा निघाला : मॅनिफोल्ड बंद करून मशीनवर छोटे सिलिंडर लावणे. त्याच स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेनचा वापर थांबवला, आणि युरोपीय संघानेही १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय गरज सिद्ध झाल्याखेरीज तो न वापरण्याचा नियम केला आहे. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत ‘रुग्ण लवकर जागा होतो’ म्हणून डेस वापरला जातो. पण सेव्हो वेळेत उतरवत आणला तर बहुतेक रुग्णांत उरणारा फरक काही मिनिटांचाच असतो.

स्पायनल किंवा टीआयव्हीए दिली की आपण सुटलो, असेही नाही. मेलबर्नमध्ये गुडघा बदलण्याच्या सुमारे तीस शस्त्रक्रिया मोजल्या गेल्या. त्यांत स्पायनल आणि जनरल यांचा कार्बनभार जवळपास सारखाच निघाला. स्पायनलला मास्कने सोडलेला भरपूर ऑक्सिजन आणि एकदाच वापरून फेकायच्या वस्तू यांनी तो भार वाढवला होता. प्रोपोफॉलचेही तसेच. दहा मिली लागणार असताना पन्नासची बाटली फोडली, तर उरलेले औषध फेकूनच द्यावे लागते.

ऑक्सिजनबद्दल महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमध्ये टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवसांत रुग्णालयारुग्णालयांत ऑक्सिजन ऑडिट झाले, वॉर्डातले रिकाम्या खाटांजवळचे फ्लोमीटर बंद झाले, नाकातली नळी निघाली की नॉब फिरवायची सवय लागली. टंचाई असताना जी शिस्त आपण पाळली, ती मुबलकतेत पाळायला अडचण कसली?

म्हणून प्रत्येक शाखेला, प्रत्येक विभागाला एक विनंती. नोव्हेंबर महिन्यात तीन नोंदी ठेवा : महिन्यात सेव्हो, आयसो आणि डेसच्या किती बाटल्या आणल्या, जनरल अॅनेस्थेशियाचे एकूण तास किती झाले आणि मेंटेनन्सचा फ्लो साधारण किती होता. नायट्रसची पाइपलाइन असेल तर आणलेले सिलिंडर आणि चार्टवरचा वापर यांचा ताळा घाला. डिसेंबरमध्ये फ्लो उतरवून तेच आकडे पुन्हा घ्या. मॉनिटर नसलेल्यांनी फ्लो उतरवू नये. आपल्याकडे काय नाही, एवढे कळवावे. तीही नोंदच आहे. आकडे आमच्याकडे पाठवा; निराशाजनक असले तरी पाठवा. आम्ही ते रुग्णालयाचे नाव न देता छापू.