धनेश आणि सातबारा

पक्षीनिरीक्षण हा एक निरुपद्रवी छंद आहे, अशी सर्वमान्य समजूत आहे. आपल्या चळवळीत तर तो इतका निरुपद्रवी मानला जातो की, बैठकीत कुणी त्याचा उल्लेख केलाच तर शेजारचा साथी हसू दाबतो. ‘पोट भरलेल्यांची करमणूक’ एवढ्या तीन शब्दांत विषय निकालात निघतो. या तीन शब्दांपायी आपण काय गमावले, याचा हिशेब आता मांडला पाहिजे.

करमणूक आहे, यात वाद नाही. शनिवारी रात्री मुंबईहून वा पुण्याहून निघावे, पहाटे आंबोलीच्या घाटमाथ्यावर उतरावे, सदाहरित रानाच्या कडेला पाच-सहा तास घालवावे, कर्णा, शीळकरी कस्तूर, राखी धनेश यांची वहीत नोंद करावी आणि अंधार पडण्यापूर्वी परतीला लागावे, असा हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो. सोबत गावातला एखादा तरुण वाटाड्या असतो. कर्णा कोणत्या फांदीवर बसतो, कस्तूर कोणत्या ओहोळाशी शीळ घालतो, हे ज्ञान त्याचे. गुरे राखताना, आईबरोबर लाकूडफाटा आणताना ते त्याच्या अंगी मुरलेले असते. नोंद मात्र पाहुण्याच्या नावे होते. पक्षी दिसेनासा झाला तर भ्रमणध्वनीवर त्याच्याच जातीची ध्वनिमुद्रित साद वाजविण्याचा प्रकारही सर्रास चालतो. आपल्या हद्दीत परका नर शिरला, अशा समजुतीने बिचारा पक्षी चारा शोधण्याचे काम टाकून पुढे येतो आणि त्याचे छायाचित्र निघते. हद्दीवरील हक्काची एवढी जाणीव पक्ष्याला असते. त्या रानातील माणसाला ती असू नये, अशी मात्र व्यवस्थेची अपेक्षा असते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांच्या कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न पाहावा. सावंतवाडी संस्थानाच्या काळापासून गावकऱ्यांनी सामायिकपणे राखलेल्या आणि कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर १९९९ मध्ये ‘महाराष्ट्र शासन’ हे नाव चढले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा माणूस एका नोंदीने आपल्याच शिवारात उपरा ठरला आणि ती नोंद बदलून घेण्यासाठी त्याला दोन दशकांहून अधिक काळ कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. रविवारच्या पाहुण्याला या गोष्टीचा पत्ताही नसतो. त्याच्या दुर्बिणीत झाड दिसते, त्यावरचा पक्षी दिसतो. सातबारा दिसत नाही.

तथापि यावरून पक्ष्याकडेच पाठ फिरवावी, हा निष्कर्ष मूर्खपणाचा आहे. धनेशाचेच उदाहरण घेऊ. विणीच्या काळात मादी जुन्या, जाड बुंध्याच्या झाडातील ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि कित्येक आठवडे एका फटीतून नराने आणलेल्या फळांवर जगते. त्या काळात नर मारला गेला वा फळझाडे तुटली तर आतले कुटुंब उपाशी मरण्याचा धोका असतो. म्हणजे धनेशाला दोन गोष्टी हव्यात : म्हातारी झाडे आणि वड-उंबरासारखी रानफळे. दोडामार्ग तालुक्यात डोंगरच्या डोंगर विकत घेऊन रबराची लागवड झाली. तेथे हिरवळ आहे, पण ढोली नाही आणि उंबरही नाही. त्याच तालुक्यातील कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीचा बांध २०२१ च्या जुलैत फुटला आणि चिखलगाळ शेतांत व घरांत शिरला. धनेशाचे घर मोडणारे भांडवल आणि शेतकऱ्याचे शेत बुडविणारे भांडवल यांत भेद कसला करायचा?

डाव्या चळवळीने हा भेद वारंवार केला आहे आणि त्याची किंमत मोजली आहे. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या प्रश्नात कम्युनिस्ट नेतृत्व धरणाच्या बाजूने उभे राहिले. अरण्याची बाजू शास्त्र साहित्य परिषदेतील शिक्षकांनी लावून धरली आणि १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. पुढे २०१३ मध्ये कस्तुरीरंगन अहवालाविरुद्ध त्याच राज्यात डाव्या आघाडीने हरताळ पुकारला. माधव गाडगीळ समितीने तर २०११ च्या ऑगस्टमध्ये दिलेला अहवाल ग्रामसभांपुढे ठेवून त्यांच्याकडूनच निर्णय घ्यावा, असे सुचविले होते. सरकारने तो अहवाल दडपला; माहितीच्या अधिकाराखाली न्यायालयापर्यंत झगडा झाल्यावर २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांपर्यंत पोहोचली ती अफवा : घर बांधता येणार नाही, गाय पाळता येणार नाही. ती पसरविण्यात खाणमालकांचे हित होते हे उघड आहे. पण गावोगाव जाऊन ती खोडून काढण्याचे काम कुणाचे होते?

२०२४ च्या ३१ जुलैला, वायनाडात डोंगर कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, केंद्राने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. एकूण सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर, त्यांपैकी महाराष्ट्राचे १७,३४०. पहिला मसुदा २०१४ चा! दहा वर्षांत सहा मसुदे, आणि प्रत्येक वेळी गाव हे केवळ हरकत घेणारे म्हणून गृहीत धरलेले. दुसरा मार्ग नाही, असे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळवून तो वापरूनही दाखविला. आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. सिंधुदुर्गात ही अट जाचक आहे आणि ती बदलण्याची मागणी केली पाहिजे. पण तोवर दावेच दाखल न करणे, हा निव्वळ आळस आहे.

मसुद्यावरील हरकतींची मुदत ६० दिवसांची असते. पुढच्या वेळी ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहिलेला कागद पाठवू नये. गावात ढोलीची झाडे किती, वड-उंबर कोठे, पाण्याचे झरे कोणते, खाण कुठे नको आणि घराला जागा कुठे हवी, हे ग्रामसभेच्या ठरावाला जोडावे. रानात येणाऱ्या पाहुण्यांचे शुल्क कोण ठरवील आणि वाटाड्याची मजुरी किती असेल, हेही त्यातच नमूद करावे. ही यादी तालुका कार्यालयात बसून होणार नाही. कार्यकर्त्याला त्या वाटाड्या तरुणाबरोबर पहाटे रानात जावे लागेल. शहरातून येणाऱ्या निरीक्षकांपैकी ज्यांना धनेशाची खरी काळजी आहे त्यांनी आपल्या नोंदवह्या घेऊन त्या ग्रामसभेत यावे आणि खाणीविरुद्धच्या ठरावाला आपल्या नोंदींचा आधार द्यावा.