भगिनींच्या मनोव्यथेकडे पाठ फिरवू नका

आपण घरातील देव्हारा काढला, नवस-सायास सोडले, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. ही क्रांती लहान नव्हे. तथापि एक प्रश्न आपणांस विचारणे आमचे कर्तव्य आहे. घरची सून चार-चार दिवस नीट जेवत नाही, रात्र रात्र जागते, कोणाशी बोलत नाही, अथवा एकाएकी किंचाळून घुमू लागते, तेव्हा आपले पाऊल कोठे वळते? दिवसा विहाराकडे आणि रात्री लपतछपत देवऋषीच्या दारी, असे तर होत नाही ना? होत असेल तर भिंतीवरचा देव्हारा गेला, मनातला तसाच राहिला, असे म्हणणे भाग आहे.

श्रावस्तीच्या पटाचारेची कथा आपण विहारात ऐकली असेल. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले वाटेत नदीपाशी गमावली. माहेर गाठावे तो घर कोसळून आईबाप व भाऊ ठार झाल्याचे कळले. अंगावरच्या वस्त्राचेही भान हरपून ती हिंडू लागली. लोकांनी तिला वेडी ठरवून हाकलले. भगवान बुद्धांनी तिला अंगारा लावला नाही, की तिच्या अंगातले भूत उतरविले नाही. त्यांनी तिला जवळ येऊ दिले, बहीण म्हणून हाक दिली, भानावर आणले. हीच पटाचारा पुढे भिक्खुणी झाली आणि पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या अनेक स्त्रियांना तिने सावरले, याची साक्ष थेरीगाथेत आहे.

ही केवळ पुराणी कथा आहे, असे कोणी समजू नये. गोव्यात संगाथ या संस्थेने २४ दवाखान्यांतून एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नव्हते अशा स्थानिक स्त्रियांना थोड्या काळाचे शिक्षण देऊन उदासीनता व चिंता यांनी पीडित माणसांचे ऐकून घेण्याचे, त्यांना समजावण्याचे काम सोपविले. डॉक्टर पाठीशी होतेच. सरकारी दवाखान्यांत, जेथे ही व्यवस्था होती तेथे सहा महिन्यांनी शंभरांतील सुमारे ६६ रोगी बरे झाले. जेथे नव्हती तेथे सुमारे ४२. शिकविलेली शेजारीण काय करू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

परंतु दुःखाचे मूळ केवळ मनात असते, असेही मानू नका. पहाटेपासून दुसऱ्यांच्या घरची भांडी घासणारी, जातीवरून टोमणे ऐकणारी, संध्याकाळी दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी स्त्री खचली तर दोष तिच्या मनाचा कसा? २०२१ साली देशात ४५ हजारांहून अधिक स्त्रियांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. अशा स्त्रीला गोळी देऊन पुन्हा त्याच घरी मार खाण्यास धाडणे, हा उपचार नव्हे. तिचे ऐकणे आणि तिच्यावरचा अन्याय थांबविणे, ही दोन्ही कामे बरोबरीने झाली पाहिजेत.

कायदा आपल्या बाजूस आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला, आणि त्यात जात, धर्म वा लिंग यांवरून भेद करण्यास मनाई केली. भूत उतरविण्याच्या नावाने बाईला मारणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हक्क कागदावर आहेत. ते मागितल्यावाचून पदरी पडत नाहीत, हे आपणांस नव्याने सांगावयास नको.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक विहारातील महिला मंडळाने आठवड्यातील एक दुपार केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवावी. पोक्त, तोंड बंद ठेवणाऱ्या दोन-तीन भगिनी निवडाव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना बोलावून त्यांना शिक्षण द्यावे, म्हणजे कोणास धीर पुरेल आणि कोणास तातडीने रुग्णालयात न्यावे लागेल, हे त्यांना ओळखता येईल. चालू असलेले औषध कोणीही मनाने बंद करू नये. सरकारची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा अहोरात्र चालू असते. हा आकडा विहाराच्या फळ्यावर ठळक लिहावा. आणि पुरुषांनो, तेथे बसलेल्या बायका काय बोलल्या, हे घरी खोदून विचारू नका.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप आपल्या हाती दिले. त्या मापात स्त्रीची शांत झोप आणि निर्भय मनही मोजावे लागेल. येत्या पौर्णिमेस वंदना झाल्यावर हा विषय आपल्या विहारात काढा, आणि वस्तीतील जी भगिनी आज आली नाही, ती का आली नाही, हे तिच्या दारी जाऊन विचारा.